सागाच्या पापुद्र्याची कैफियत

काटोल, नरखेड, कोंढाळी या टापूत नवे घर बांधणाऱ्या, मुलीच्या आंदणाची तजवीज करणाऱ्या, किंवा संत्र्याचा बहार बऱ्या भावाने गेला म्हणून दिवाणखान्याला नवे रूप देऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाला लाकडासंबंधी जो उपदेश हटकून ऐकावा लागतो, त्याचा मथितार्थ असा असतो की, लाकूड घ्यावे ते भरीव घ्यावे, तेही सागाचे घ्यावे, आणि जिच्या अंगावर विनियरचा पापुद्रा चिकटवलेला आहे ती वस्तू, मग तिच्या पोटात काहीही असो, उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नये. आमचे एक बागाईतदार स्नेही, ज्यांच्या वयाविषयी आणि व्यवहारज्ञानाविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे, हे मत नुसते बाळगून थांबत नाहीत. लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत आणि मिस्त्रीच्या कामावर ते त्याचा पुरस्कार करतात, आणि त्यांच्या शब्दाखातर गेल्या काही वर्षांत किती कपाटांच्या किती योजना बदलल्या असतील याची गणती करणे कठीण आहे. प्लायवर त्यांचा फारसा राग नाही. प्लाय ही मुळातच गरिबाची सोय, तिला वरून कातडे हवे, एवढे ते उदार मनाने मान्य करतात. त्यांचा खरा कोप आहे तो भरीव, टणक लाकडावर दुसऱ्या लाकडाचा पापुद्रा चढवण्यावर. आत चांगले लाकूड असताना वर चिंधी कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. हा एक तर मूर्खपणा आहे, नाहीतर लबाडी आहे, असा त्यांचा फैसला असतो. आणि तिसरी शक्यता ते शिल्लकच ठेवत नाहीत.

ती तिसरी शक्यता पुढे मांडणे हा या लेखाचा हेतू आहे. प्रतिपक्षाचे मत केवळ हट्टाचे असते तर त्याची दखल घेण्याचे प्रयोजन नव्हते. पण त्यात अनुभवाचा अंश आहे, आणि अनुभवाचा अंश असलेला गैरसमज हा निव्वळ अज्ञानापेक्षा चिवट असतो, म्हणून त्याचा समाचार सावकाशपणे घेणे भाग आहे.

लबाडीचे कलम सर्वांत मोठ्या आवाजात वाचले जाते, यास्तव प्रथम तेच घेऊ. वास्तविक आमच्या मते संपूर्ण फिर्यादीत तेच सर्वांत हलके आहे. बाभळीच्या किंवा आंब्याच्या फळीवर सागाचा पापुद्रा बसवून ‘सॉलिड सागवान’ अशी पावती देणारा दुकानदार लबाड आहे, यात शंका नाही, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये त्याच्यावर दाद मागण्याचा मार्गही खुला आहे. परंतु त्याची लबाडी पावतीवर आहे. कपाटाने कोणाला काही सांगितलेले नाही. तोच दुकानदार पावतीवर ‘आत बाभूळ, वर सागाचे विनियर’ असे लिहील तर फसवणूक तत्क्षणी संपते आणि कपाट मात्र आहे तसेच राहते. शिवाय भरीव लाकडाच्या व्यवहारात सचोटी आपोआप नांदते असे ज्यांना वाटते, त्यांनी कोणत्याही आरामशीनवर तासभर बसून पाहावे. कोवळ्या सागाचे सालीलगतचे पांढरे रसकाष्ठ चपडा पॉलिशमध्ये रंग कालवून गाभ्याकडील मध्यकाष्ठाच्या सोनेरी तपकिरी छटेला आणून सोडणे ही कला आपल्याकडे इतकी रुळली आहे, की तिला लबाडी म्हणावे हे कोणाच्या मनातही येत नाही. आणि ते लाकूड तर साल ते गाभा भरीव सागच असते! तीच गत सनमायकाची. कागदावर छापलेले सागाचे चित्र दिवाणखान्याच्या चारही भिंतींवर मानाने मिरवते, येणारा-जाणारा त्यावर हात फिरवून वाखाणणी करतो. मात्र खऱ्या सागाचा, खऱ्या रेषांचा, खऱ्या तेलाच्या वासाचा पापुद्रा दिसला की त्याची जबानी घेतली जाते. हा न्याय आम्हांला समजलेला नाही.

आमच्या स्नेह्यांना आपल्या मताचा पूर्वज शोधायचा असेल तर तो त्यांना थेट रोमन साम्राज्यात सापडेल. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील थोरला प्लिनी याने आपल्या निसर्गेतिहासाच्या सोळाव्या ग्रंथात विनियरवर कडक ताशेरे ओढले आहेत. एका झाडाला दुसऱ्या झाडाचे आवरण घालावे, स्वस्त लाकडाला महागड्या लाकडाची साल चढवावी, आणि एकच वृक्ष पातळ पातळ पापुद्रे काढून पुनःपुन्हा विकावा, हे त्याला विलासाचे लक्षण वाटले. गंमत अशी, की याच प्लिनीने याच ग्रंथमालेच्या तेराव्या भागात ॲटलास पर्वतराजीकडील एका सुगंधी, चित्रविचित्र रेषांच्या लाकडाच्या मेजांचे रोमन श्रीमंतांना लागलेले वेड वर्णिले आहे. सिसेरोने अशा एका मेजासाठी पाच लक्ष सेस्टर्स मोजले, हे तो नोंदवतो. आणि ज्या डोंगरावर या जातीचे सर्वोत्कृष्ट लाकूड होत असे तो डोंगर आपल्या काळापावेतो रिकामा झाला, हेही तो नोंदवतो. ही दोन विधाने शेजारी ठेवून पाहण्याची बुद्धी त्याला झाली नाही. झाड एकदाच विकावे, जाड विकावे, अखंड विकावे, हा आग्रह धरला की डोंगर किती लवकर मोकळा होतो याचा दाखला त्याने स्वहस्ते लिहून ठेवला आणि दोष मात्र पापुद्र्याच्या माथी मारला. एक वृक्ष अनेकांना पुरवणे हे त्याला पाप वाटले, तेच आज जंगलखात्याच्या दृष्टीने पुण्य ठरावे, एवढा काळ पालटला आहे.

हा पालट किती मोठा आहे हे साध्या त्रैराशिकाने कळण्याजोगे आहे. एक घनफूट उत्तम सागाच्या एक इंची फळ्या पाडल्या, तर करवतीच्या पात्याने प्रत्येक कापागणिक भुशात घालवलेले सुमारे तीन मिलिमीटर लाकूड वजा जाता, दहा-अकरा चौरस फूट पृष्ठभाग पदरात पडतो. पुढे रंध्याखाली आणखी काही जाते ते वेगळेच. तोच ठोकळा गरम पाण्यात शिजवून, रुंद धारदार पात्याखाली अर्ध्या मिलिमीटरच्या पापुद्र्यांत सोलला, तर पाते भुसा करीत नसल्यामुळे हिशेबाने सहाशे चौरस फूट होतात. डाग, गाठी, तडे आणि हाताळणीतील नासधूस यांत त्यातले निम्मे गेले असे मानले तरी तीनशे उरतात. म्हणजे जेवढ्या लाकडात भरीवपणाच्या अभिमान्याचा एक दरवाजाही धड होत नाही, तेवढ्यात एका गल्लीतील सगळ्या घरांच्या आलमाऱ्यांना मुखवटा मिळतो.

येथे प्रतिपक्षी असे म्हणेल की, सागाची अशी काय टंचाई आहे? दिल्लीतील नव्या संसद भवनाला सागवान नागपूरच्या बाजारातून गेले, अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांसाठी २०२३ साली बल्लारशाहच्या आगारातून वाजतगाजत गेले. साऱ्या देशाला आम्ही पुरवतो, मग आमच्याच घरी पापुद्रा का? या अभिमानात आम्हीही सहभागी आहोत. परंतु ते लाकूड चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिलेल्या वृक्षांचे होते, आणि तसले वृक्ष कसे असतात हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांना आता आलापल्लीजवळ मुद्दाम राखून ठेवलेल्या ‘वनवैभव’ नामक वनखंडात जावे लागते, ही वस्तुस्थितीच पुरेशी बोलकी आहे. नागपूरच्या महाल भागातील जुन्या वाड्यांचे खांब दाखवून आजच्या गिऱ्हाईकाला भरीव सागाचा मोह घालणे म्हणजे आजोबांच्या काळच्या भावाने आज सोने मागणे होय. राष्ट्राने आपल्या संसदेसाठी किंवा देवळासाठी एखादा शतायुषी वृक्ष खर्ची घातला तर ते समजण्यासारखे आहे. दूरचित्रवाणीचा संच ठेवण्याच्या शोकेसला तो दर्जा कोणत्या सनदेने मिळाला?

आणखी एक बाब अशी आहे, की जिच्याकडे भरीवपणाचे कैवारी कधीच लक्ष देत नाहीत. जे लाकूड दिसण्यात अत्यंत रमणीय असते, तेच रचनेच्या दृष्टीने पुष्कळदा अत्यंत दुर्बल असते. फांदी जेथे खोडातून फुटते तेथील पिसाऱ्यासारखी रेषा, गाठीभोवतीची भोवऱ्यासारखी वळणे, तंतू नागमोडी गेल्यामुळे उमटणारी लाटांची चमक, ही सारी शोभा तंतू सरळ न राहिल्यामुळेच उत्पन्न होते, आणि तंतू सरळ नसलेली फळी वाळताना पिळते, फाटते, भार पेलत नाही. अशा लाकडाची जाड फळी करून तिचा दरवाजा करणारा सुतार सौंदर्य आणि दरवाजा दोन्ही एकदमच गमावतो. तेच लाकूड पापुद्र्याच्या रूपाने सरळ रेषेच्या, शांत स्वभावाच्या भरीव फळीवर बसवले, तर भार खालचे लाकूड पेलते आणि डोळ्यांचे पारणे वरचे फेडते. आत चांगले लाकूड असताना वर दुसरे कशाला, या प्रश्नाचे एक उत्तर येथेच मिळून जाते: आतले लाकूड ज्या गुणाने चांगले, तो गुण वरच्याला नको असतो, वरचे ज्या गुणाने चांगले, तो आतल्याला परवडत नाही.

आता ज्या कलमात खरोखर तथ्य आहे त्याकडे वळू. आमचे स्नेही म्हणतात, की ही पापुद्र्याची कामे आपल्या हवेत टिकत नाहीत; दोन उन्हाळ्यांत फुगे येतात, तिसऱ्यात तडे जातात, चौथ्यात कडेपासून सोलून निघतात. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि आम्हीही पाहिले आहे. आमचा वाद घटनेशी नाही, कारणाशी आहे.

विदर्भाची हवा ही लाकडाची सत्त्वपरीक्षा घेणारी आहे. नागपूर वेधशाळेने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले, ते अपवादात्मक मानले तरी पंचेचाळिशीचे दिवस काटोललाही दरवर्षी पाहुण्यासारखे येऊन राहतात, आणि त्या दिवसांत दुपारच्या हवेत ओलावा नावापुरता उरतो. पुढे मृगाच्या सरी येतात, आणि आषाढ-श्रावणात तीच हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते. लाकूड हे मेलेल्या झाडाचे असले तरी हवेतील ओलावा शोषण्याचा आणि सोडण्याचा धर्म ते सोडत नाही; ओलाव्याने ते फुगते, शोषाने आकसते. मात्र ते सर्व दिशांनी सारखे फुगत नाही, आणि साऱ्या भानगडीचे मूळ या एका गोष्टीत आहे. साग ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडा होईतो वर्षवलयांच्या स्पर्शदिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के, आणि लांबीच्या दिशेने जवळजवळ शून्य. घरातील लाकडाचा ओलावा वैशाखात ६ टक्के आणि श्रावणात १४ टक्के धरला, तर दीड फूट रुंदीची आडव्या चिरीची सागाची फळी दरसाल सुमारे सात मिलिमीटर रुंदीने कमीजास्त होते. तीच त्रिज्येच्या दिशेने चिरलेली असेल तर सुमारे तीन मिलिमीटर. लांबीने दोघीही हलत नाहीत.

आता एखाद्या मिस्त्रीने अशा सात मिलिमीटर श्वास घेणाऱ्या भरीव फळीवर, केवळ दिसायला बरे म्हणून, पापुद्र्याची रेषा फळीच्या रेषेला काटकोनात ठेवून चिकटवली, तर काय होईल? फळी रुंदीने हलू पाहते. पापुद्रा त्याच दिशेने आपल्या लांबीने पसरलेला असल्यामुळे तिळमात्र हलत नाही. आणि या ओढाताणीत जो दुबळा तो तुटतो. उन्हाळ्यात फळी आकसली की न आकसणारा पापुद्रा फुग्यासारखा वर उचलला जातो. पावसाळ्यात फळी फुगली की तो ताणला जाऊन फाटतो, नाहीतर कडेला सुटतो. प्लायवर असे होत नाही, याचे कारण प्लायचे थर मुळातच एकमेकांना आडवे बसवलेले असून त्यांनी परस्परांची हालचाल आधीच जखडलेली असते. प्लायवर चालणारी सवय मिस्त्री भरीव लाकडावर चालवू जातो, आणि त्याच्या त्या चुकीची शिक्षा आमचे स्नेही पापुद्र्याला ठोठावतात.

वस्तुतः नियम थोडे आहेत आणि जुने आहेत. पापुद्र्याची रेषा खालच्या भरीव फळीच्या रेषेला समांतर असावी, म्हणजे दोघेही एकाच दिशेने, जवळजवळ एकाच प्रमाणात श्वास घेतील. खालची फळी पूर्ण मुरलेली असावी, आणि शक्य तोवर त्रिज्येच्या दिशेने चिरलेली असावी. पापुद्रा दोन्ही अंगांना द्यावा, मागच्या बाजूला हलक्या प्रतीचा चालेल, पण द्यावाच. कारण एकाच अंगाने सांधलेली आणि झाकलेली फळी उन्हात घातलेल्या पापडासारखी एका बाजूला वळते. हे तिसरे कलम काटोलात विशेष महत्त्वाचे, कारण येथे चैत्र लागताच भिंतीतल्या खिडकीला कूलर बसतो, आणि त्याचा ओला झोत ज्या कपाटाच्या तोंडावर आदळतो, त्याच कपाटाची पाठ मागच्या तापलेल्या भिंतीला टेकलेली असते. एकाच फळीच्या दोन अंगांना दोन ऋतू! अशा कपाटाला भरीवपणाही वाचवत नाही. आमच्या स्नेह्यांच्या घरातील भरीव सागाच्या आलमारीचे दार श्रावणात अडते आणि वैशाखात त्याच्या खाच-कुसवाच्या सांध्यातून उजेड दिसतो, ही गोष्ट त्यांनी आम्हांला स्वमुखाने, आणि काहीशा कौतुकाने, सांगितली आहे. भरीव लाकूड हलले तर तो त्याचा जिवंतपणा, आणि पापुद्रा हलला तर ती त्याची लबाडी!

चिकटवण्याच्या द्रव्याविषयीही असाच गोंधळ आहे. सागाच्या मध्यकाष्ठात निसर्गतः तेल असते. त्यानेच ते वाळवीला आणि पाण्याला दाद देत नाही, आणि त्यामुळेच गोंदालाही सहजी दाद देत नाही. म्हणून पृष्ठभाग रंध्याने ताजा करून, स्पिरिट किंवा तत्सम द्रावकाने पुसून, त्याच दिवशी चिकटवावा लागतो. रंधा मारून आठवडाभर पडलेल्या फळीवर पापुद्रा बसवणारा आणि नंतर गोंदाच्या कंपनीच्या नावाने खडे फोडणारा मिस्त्री आपल्याकडे दुर्मीळ नाही. पूर्वीचा सरस उष्णतेने आणि ओलीने सैल पडे, हा दोष होता; १९५९ साली बाजारात आलेल्या फेव्हिकॉलने तो दोष बहुतांशी काढला. पण पांढरा गोंद सतत ताण पडत राहिला तर सावकाश सरकतो, तेव्हा आडव्या रेषेचे पाप कोणताही डबा धुऊन काढू शकत नाही. दाबाचेही तसेच: नुसत्या हाताने चोळून किंवा चार विटा ठेवून काम उरकणाऱ्याने फुग्यांबद्दल तक्रार करण्याचा हक्क गमावलेला असतो. काम सपाट जाड फळ्यांच्या मध्ये धरून, शिकंज्यांनी सर्वत्र सारखे आवळून, रात्रभर हलवू नये. इतके तरी कष्ट घ्यावेत.

आपल्या हवेत हे टिकत नाही, या विधानाला आपल्याच देशातला एक जुना जबाब हजर आहे. शिराझहून सिंधमार्गे सुरतेत आणि मुंबईत रुजलेले सादेली काम एकोणिसाव्या शतकात ‘बॉम्बे वर्क’ या नावाने विलायतेपर्यंत पोचले, ते मूलतः भरीव लाकडावर पापुद्रा चढवण्याचेच काम होते. हस्तिदंत, अबनूस, पतंगाचे तांबडे लाकूड, हिरवे रंगवलेले हाड आणि कथिलाच्या तारा यांच्या त्रिकोणी, चौकोनी कांड्या एकत्र सांधून त्यांची मोळी करावी, मोळीचे आडवे पातळ काप घ्यावेत, आणि ते नक्षीदार काप चंदनाच्या किंवा शिसवाच्या पेटीवर चिकटवावेत, अशी त्याची रीत. पारशी कारागीर यात निष्णात होते. चंदनावर चढवले म्हणून कोणी त्यांना मूर्ख म्हटले नाही, कारण चंदन पेटीच्या आतल्या सुवासासाठी होते आणि नक्षी बाहेरच्या डोळ्यासाठी. याहून मागे जावयाचे तर ईजिप्तमधील रेखमिरे या वजिराच्या थडग्यातील भित्तिचित्र पाहावे. ख्रिस्तपूर्व पंधराव्या शतकातील त्या चित्रात चुलीवर ठेवलेले सरसाचे भांडे आहे आणि फिक्या लाकडावर गडद लाकडाचा पापुद्रा बसवणारे कारागीर आहेत. त्या देशात घरचे लाकूड म्हणजे बाभूळ, झाऊ आणि उंबराच्या कुळातले एक झाड. अबनूस यावयाचे दक्षिणेकडून, दूरदेशाहून. जे थोडे आहे ते वर, जे मुबलक आहे ते आत, ही तजवीज त्यांनी केली. १९२२ साली उघडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातही पापुद्र्याने मढवलेल्या वस्तू निघाल्या. राजाला स्वस्त माल खपवण्याचे धारिष्ट्य कोणा सुताराला झाले असेल असे वाटत नाही.

दुरुस्तीचे कलम मात्र आम्ही अंशतः कबूल करतो. भरीव सागाच्या मेजावर ओरखडा पडला तर रंधा मारून पृष्ठभाग नवा करता येतो, आणि असे तीन पिढ्यांत तीनदा करता येते. अर्ध्या मिलिमीटरच्या पापुद्र्यावर सँडपेपरचा एक जास्त हात फिरला की खालची बाभूळ डोकावते. हे खरे आहे. यावरून इतकेच निघते, की जेथे ताटे, दप्तरे, इस्त्र्या आणि पोरांचे गुडघे रोज आदळतात तेथे बाजारातील अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा वापरू नये. आरामशीनवर दोन-तीन मिलिमीटरची पात काढून घ्यावी, जशी यंत्रयुगापूर्वी सर्वत्र काढीत असत. तिच्यावर रंधाही चालतो. तिच्यात भुसा अधिक जातो, हिशेब सहाशे फुटांचा राहत नाही, शंभराच्याही खाली येतो. तरी दहाहून तो पुष्कळ बरा.

त्याचप्रमाणे खुर्चीचे पाय, पलंगाचे गाते, दाराची चौकट, पोळपाट आणि पाट हे भरीवच असावेत, यावर आमचा आणि स्नेह्यांचा मतभेद नाही. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी वास्तुविशारद पिअर जानरे यांच्या देखरेखीखाली झालेल्या भरीव सागाच्या खुर्च्या आज परदेशी लिलावांत प्रचंड किमतीला जातात, हा दाखला ते नेहमी देतात. तो आम्ही बिनशर्त मान्य करतो. खुर्ची ही सांध्यांची वस्तू आहे आणि सांध्याला भरीव लाकूडच लागते. कपाटाचा पल्ला ही पृष्ठभागाची वस्तू आहे. डेन्मार्कच्या कारागिरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर याच सागात जगन्मान्य काम केले, त्यात खुर्चीचे हात भरीव आहेत आणि कपाटाचे पल्ले बहुधा पापुद्र्याचे, कडेला भरीव सागाची पट्टी देऊन. एकाच कारखान्यात दोन्ही रीती नांदल्या, कोणी कोणावर फिर्याद केली नाही.

विनियरने जंगल आपोआप वाचते, असेही आमचे म्हणणे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात अरुणाचलच्या तिरप आणि चांगलांग जिल्ह्यांतील आरागिरण्यांबरोबर विनियर आणि प्लायवूडच्या गिरण्याही तत्काळ बंद करण्याचा हुकूम दिला, तो उगाच नव्हे. सोलणारे यंत्रही हावरे असू शकते. पण त्या गिरण्या संबंध झाडच सोलून प्लायच्या पोटात घालीत होत्या. येथे प्रश्न आहे तो वेगळा, आणि तो अगदी काटोलच्या शिवारातला आहे.

१९९० च्या दशकात सागाच्या लागवडीतून लक्षाधीश करण्याची स्वप्ने विकणाऱ्या कंपन्यांचे पीक देशभर आले होते. १९९९ साली सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांचे विनियम केले तोवर अनेकांचे पैसे बुडाले होते. कंपन्या गेल्या, पण सागाचा मोह गेला नाही, आणि विदर्भातल्या पुष्कळ शेतकऱ्यांनी आपल्या धुऱ्यावर सागाची रोपे लावली. ती झाडे आता वीस-पंचवीस वर्षांची आहेत. संत्र्याच्या ओलितावर वाढल्यामुळे ती लवकर जाड झाली. त्यांची वर्षवलये रुंद आहेत, गाभा लहान आहे आणि भोवतीचे पांढरे रसकाष्ठ भरपूर आहे. आमच्या स्नेह्यांच्या बागेच्या धुऱ्यावरही अशी एक रांग आहे. ती तोडण्यासाठी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये परवानगीचा अर्ज त्यांनी दिला आहे, आणि त्यातून नातीच्या लग्नासाठी भरीव सागाची आलमारी करण्याचा त्यांचा निश्चय आहे.

ती आलमारी कशी होईल ते आम्ही आजच सांगून ठेवतो. तिच्या निम्म्या फळ्या पांढऱ्या निघतील. त्या झाकण्यासाठी मिस्त्री पॉलिशमध्ये रंग घालील, म्हणजे जिला ते लबाडी म्हणतात ती त्यांच्याच पडवीत, त्यांच्याच पैशाने घडेल. रसकाष्ठातील पिष्टावर भुंगा येईल आणि दोन वर्षांत आलमारीखाली पिठासारखा भुसा पडू लागेल. हे टाळावयाचे असेल तर त्यांनी ते धुऱ्यावरचे लाकूड बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात बुडवून, सावलीत थप्पी लावून, एक संपूर्ण वर्ष मुरू द्यावे. त्याच्या अरुंद पट्ट्या पाडून, गाभ्याची दिशा पाहून, त्या जोडून भरीव पल्ले करावेत. आणि त्यांवर चंद्रपूरकडच्या जुन्या वृक्षाचे, एकाच ठोकळ्यातून ओळीने निघालेले पापुद्रे नागपूरच्या बाजारातून आणून दोन्ही अंगांना, रेषेला रेषा समांतर ठेवून, चढवावेत. धुऱ्यावरचा साग पोटात राहील आणि तो त्यांचाच असेल. वरचा साग अरण्याचा असेल आणि तो एका हातात मावेल एवढाच खर्ची पडेल. पावतीचा प्रश्न येथे उद्भवतच नाही, कारण आलमारी घरची आहे. तरीही नातीच्या सासरी आत काय आहे आणि वर काय आहे ते आपण होऊन सांगावे. लग्न वैशाखातले असेल तर मिस्त्रीला ऐन उन्हाळ्यात कामाला बसवू नये, आणि पावसाळ्यातही नव्हे. पापुद्रा चढवण्याचे काम कार्तिकात धरावे, जेव्हा हवा मधल्या पायरीवर असते आणि लाकडाला दोन्हीकडे सारखाच प्रवास उरलेला असतो. कूलर बसवताना त्याचे तोंड आलमारीकडे नसावे, एवढी एक अट नातजावयाकडून आधीच कबूल करून घ्यावी.